तिसावी आयत

मदारभाईंना आपली आयत दुसऱ्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकू आली, ती बायकोला दफन करून आल्यावर.

पिंगळीच्या स्टेशनामागं त्यांचं दोन खोल्यांचं घर. माणसं कब्रस्तानातून परतली, हातपाय धुऊन ओसरीवर बसली. आतल्या खोलीत बायका कुराण वाचत होत्या. वाचणारी मदारभाईंची सून, नुजहत. तिचा आवाज सरळ, बिनघाईचा. मदारभाई भिंतीला पाठ लावून बसले होते. अरबी त्यांना येत नव्हतं. आवाज कानावरून वाहत होता आणि ते समोरच्या चपलांकडे बघत होते. मग वाचन संपत आलं, शेवटची ओळ आली आणि त्यांची मान ताठ झाली.

ती ओळ त्यांची होती. चाळीस वर्षं त्यांनी ती विहिरीच्या तळाला उभं राहून म्हटली होती. जमिनीवर कधी म्हटली नव्हती, घरात तर नाहीच. ती आज मयताच्या खोलीत कशी आली, हे त्यांना कळेना. शेजारच्या माणसानं विचारलं, काय झालं. ते म्हणाले, काही नाही.

शेख मदार. वय एकाहत्तर. धंदा विहिरी खोदण्याचा. चाळीस वर्षांत एकशे सहा विहिरी. अर्ध्यावर सोडलेल्या यात धरलेल्या नाहीत. त्यांना ते खड्डा म्हणत.

हाताखालच्या माणसांना त्यांचा जाच वाटे. टोपलं काठोकाठ भरलेलं त्यांना चालत नसे. चार बोटं रिकामं ठेवायचं. वर जाताना सांडलेला एक धोंडा खालच्या माणसाचं डोकं फोडतो. कुणी भरलंच, तर ते ओतून पुन्हा भरायला लावत. दगडमाती वर ओढणारी यारी भुजंगच्या हातात. भुजंग त्यांचा तीस वर्षांचा जोडीदार, राहणार मानवतकडचा. नव्या विहिरीवर भुजंग नारळ फोडी, मग मदारभाई खाली उतरत. रोज पहिला घाव घालण्याआधी खालून ती आयत म्हणत. त्यांच्या उस्तादानं ती शिकवली होती. पाणी लागतं आणि दरड अंगावर येत नाही, एवढंच उस्तादानं सांगितलं होतं. उस्तादाला त्याच्या उस्तादानं तेवढंच सांगितलं होतं. अर्थ कुणी विचारला नाही, कुणी सांगितला नाही. मानवत, पाथरी, जिंतूरकडचे शेतकरी मात्र आवर्जून बोलावणं धाडत. मदारभाईचं कलाम हाय, पाणी लागतंयच, असं त्यांचं म्हणणं. पाणी लागायचंही. ज्या सात ठिकाणी लागलं नाही, त्या सातांची गोष्ट कुणी काढत नसे.

बायकोच्या मयतीला मदारभाईंच्या डोळ्यांतून थेंब आला नाही. लोकांनी ते पाहिलं. कुणी म्हणालं, दगड फोडून फोडून माणूस दगड झाला. खरं असं होतं की डोळे त्याआधीच दोन वर्षं कोरडे पडत चालले होते. पापणी हलली की आतून कानस फिरल्यासारखी वाटे. सकाळी पापण्या चिकटलेल्या असत, त्या बोटांनी सोडवाव्या लागत. परभणीच्या डॉक्टरनं सांगितलं, डोळ्यांतलं पाणी तयार होत नाही, थेंब टाकत राहा, नजर जपा. ते थेंब टाकत. पण बायकोच्या तोंडावरून कापड सरकवलं तेव्हा छाती भरून आली, डोळे मात्र तापल्या तव्यासारखे कोरडेच राहिले, हे त्यांच्या मनातून जाईना.

चाळीस दिवस झाल्यावर त्यांनी नुजहतला ती आयत म्हणून दाखवली आणि विचारलं, ही कुठली?

नुजहत परभणीत मुलींच्या मदरशात पाच वर्षं शिकलेली. लग्नात तिनं भांड्यांच्या आधी पुस्तकांची पेटी आणली होती, म्हणून सासूनं नाक मुरडलं होतं. ती म्हणाली, ही सूरह मुल्कची शेवटची आयत. तिसावी. हा अध्याय मेलेल्या माणसाचं कबरीत रक्षण करतो असं मानतात, म्हणून त्या दिवशी वाचला.

मदारभाई म्हणाले, अर्थ सांग.

तिनं सांगितला: तुमचं पाणी जमिनीत खोल निघून गेलं, तर वाहतं पाणी तुम्हाला कोण आणून देईल?

मदारभाईंनी आयत ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हटली. मग म्हणाले, "म्हंजे हा प्रश्न हाय?"

"जी अब्बा. प्रश्नच आहे."

त्यांना आजवर ती मागणी वाटत आली होती. किंवा हुकूम. नुजहतनं पुढं सांगितलं की तफसीर, म्हणजे कुराणावरचं भाष्य, लिहिणाऱ्यांनी म्हटलंय, ही आयत वाचली की वाचणाऱ्यानं लगेच उत्तर द्यावं: अल्लाह, सगळ्या जगांचा पालनकर्ता. मदारभाईंनी मनाशी हिशेब केला. एकशे सहा विहिरी, एकेकीला दोन-तीन महिने, रोज सकाळी एकदा. एवढ्या वेळा प्रश्न विचारून झाला. उत्तर एकदाही दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून दुपारच्या नमाजनंतर शिकणं सुरू झालं. मुलगा गॅरेजवर गेलेला असे. घरात दोघंच. नुजहत उर्दू तफसीर वाचून दाखवी, सोप्या बोलीत सांगे, आणि मदारभाई शाळेच्या वहीत मराठीतून लिहून घेत. त्यांची शाळा चौथीपर्यंतची. अक्षर मोठं, दाबून काढलेलं. मागच्या पानावर उमटे. सासऱ्यानं सुनेसमोर वही घेऊन बसावं, याला गल्लीत लोक हसले. मदारभाईंनी लक्ष दिलं नाही. ज्याला काम येतं तो उस्ताद, ही त्यांची जुनी रीत होती. यारीवर तर त्यांनी भुजंगच्या शिव्याही खाल्ल्या होत्या.

चौथ्या दिवशी नुजहतनं दुसरी तफसीर उघडली. जुनी, बारीक अक्षराची. पुढं काय येणार हे तिनं आधी पाहून ठेवलं नव्हतं. ती वाचत गेली. त्यात लिहिलं होतं, एका मगरूर माणसासमोर ही आयत वाचली गेली. पाणी कोण आणील, हे ऐकून तो म्हणाला, टिकाव आणि खोरी आणतील. त्याच घडीला त्याच्या डोळ्यांतलं पाणी आटलं आणि तो आंधळा झाला.

नुजहत पुढची ओळ वाचायला गेली आणि तिचं लक्ष वर गेलं. मदारभाईंच्या हातातली पेन्सिल कागदावर टेकलेली होती, हलत नव्हती. टोकाखाली कागदाला भोक पडत चाललं होतं.

ते वाक्य त्यांनी म्हटलं होतं. अक्षरशः तेच.

मानवतच्या पुढचं गाव. परमेश्वर म्हणून आता बाप्या माणूस आहे, त्याच्या बापाची विहीर. तीस-बत्तीस वर्षं झाली. बावन्न फूट खोल. वरचे चाळीस फूट माती, मुरूम, मांजऱ्या म्हणतात तो ठिसूळ खडक, आणि खालचे बारा फूट काळा दगड. त्या बारा फुटांना सव्वीस दिवस लागले. हातानं दोन फुटांचं भोक पाडायला अर्धा दिवस, मग सुरुंग, मग ढिगारा उपसायचा, मग पुन्हा भोक. मदारभाईंच्या डाव्या हाताची दोन नखं त्या दगडात गेली. सत्ताविसाव्या दिवशी दुपारी दगडाच्या सांध्यात ओल दिसली, मग धार लागली. परमेश्वरची आई बायनाबाई काठावर आली आणि वरून ओरडून म्हणाली, तुझं कलाम पावलं रे. मदारभाईंनी वर न बघता उत्तर दिलं होतं: कलामानं काय होतंय मावशी, टिकाव-खोऱ्यानं आणलंय पाणी. वर माणसं हसली होती.

त्यांनी हे नुजहतला सांगितलं. तिनं पुस्तक मिटलं. तिचा चेहरा उतरला होता.

"अब्बा, ही गोष्ट कच्ची आहे," ती म्हणाली. "कुणी पाहिलं, कुणी कुणाला सांगितलं, याची साखळीच नाही. लिहिणाऱ्यानंही नुसतं ‘सांगतात’ असं म्हटलंय."

मग तिनं समजावलं. तफसीर करायची तर आधी कुराणाचा अर्थ कुराणातूनच शोधायचा. मग पैगंबरांचं सांगणं, मग त्यांच्या सोबत्यांचं. अशा गोष्टी सगळ्यांत शेवटी येतात, त्याही साखळी तपासून. मदारभाईंना हे लगेच समजलं. मुरुमावर पाया धरायचा नाही, खाली जायचं. पण समजणं वेगळं आणि डोळ्याला हात लावल्यावर बोट कोरडं येणं वेगळं.

त्या आठवड्यात ते मशिदीच्या हौदाशी बसेनात. नळावर वजू करत, नमाजाआधीचं हातपाय-तोंड धुणं. तोंडावर घेतलेलं पाणी गालांवरून ओघळून जाई, आणि त्यांना वाटे, ते डोळ्यांना वगळून जातंय. घरातला रांजण उघडा दिसला की झाकण ठेवत. नुजहतनं एकदा पाहिलं: ते रांजणात वाकून बघत होते आणि पाण्याची पातळी बोटांनी मोजत होते. काठापासून पाच बोटं. तासाभरानं पुन्हा मोजली. सहा. कुणी पाणी घेतलं का, असं त्यांनी विचारलं. तिनं स्वयंपाकाला घेतलं होतं. ते हो म्हणाले. पण झाकणावर वरवंटा ठेवला.

मग एका दुपारी त्यांनी स्वतःच वही काढली. शेवटापासून सुरू केलं ही आपली चूक, असं म्हणाले. खालच्या थरातून कुणी विहीर खोदायला घेत नाही. पहिल्या आयतेपासून चल. रोज एक. तुझ्या पेटीतल्या तिन्ही तफसीरींत काय आहे ते सांग, आणि कच्चं असेल तिथं कच्चं म्हण.

तिसऱ्या-चौथ्या आयतेवर ते पुन्हा अडकले. तिथं म्हटलं होतं: वर आभाळाकडे नजर टाका, कुठं भेग दिसते का, पुन्हा पुन्हा टाका, नजर थकून, हरून तुमच्याकडेच परत येईल. मदारभाईंनी ओसरीतून वर बघितलं. उन्हात डोळे चरचरले. आभाळ पांढरं, कडा नसलेलं. नजर गेली कुठं आणि परत आली कधी ते कळलं नाही. समोरच्या वहीवरची स्वतःची अक्षरं त्यांना घटकाभर वाचता आली नाहीत. चाळीस वर्षं एक ओळ म्हणत होतो, ते म्हणाले, अन् वरच्या एकोणतीस ओळींत माझे डोळे लिहून ठेवलेले होते. नुजहत म्हणाली, डोळे सगळ्यांचे आहेत त्यात, अब्बा. त्यांनी दोन दिवस वही उघडली नाही. तिसऱ्या दिवशी आपण होऊन बसले. दोन दिवस राहिले ते भरून काढायचे म्हणून त्या दिवशी तीन आयती घेतल्या.

पंधरावी आली तेव्हा पहिल्यांदा घरात हसणं झालं. तिचा अर्थ असा की त्यानं जमीन तुमच्यासाठी नरम केली, तिच्या खांद्यांवरून चाला आणि त्यानं दिलेलं खा. मदारभाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

"नरम? आमच्याकडचा काळा दगड बघितला न्हाई वाटतं."

नुजहतला हसू आवरेना. मग तिनं पुस्तकं पाहून सांगितलं की इथं नरम म्हणजे मऊ नव्हे. जे जनावर माणसाला पाठीवर बसू देतं, त्याच्यासाठीचा हा शब्द. कासऱ्याला आलेलं. मदारभाईंनी त्यावर विचार केला. ते बरोबर होतं. दगड मऊ नव्हताच, पण त्यानं शेवटी वाट दिली होती. मारलं नव्हतं. त्यांनी वहीत लिहिलं: जमीन, कासऱ्याला आलेली. खाली दुहेरी रेघ ओढली. म्हणजे घाव घालायला मनाई नव्हती. मग मनाई कशाला होती? नुजहतनं तीन पुस्तकं उघडून एकच सांगितलं: आणणारा आपणच आहोत, असं समजायला.

"तेच तर म्हनलो मी," मदारभाई म्हणाले.

तिनं तिन्ही पुस्तकं मिटून बाजूला ठेवली. खोटा दिलासा दिला नाही, हे त्यांना आवडलं.

तिसावी आयत पुन्हा आली त्याच आठवड्यात भुजंग पिंगळीला येऊन धडकला. आता त्याचीही यारी सुटली होती. मुलाच्या टपरीवर बसायचा. त्यानं सांगितलं, परमेश्वरची विहीर आटली. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. नुसती कमी नाही झाली, तळ दिसायलाय. बायनाबाई ब्याऐंशीची आहे, तिनं हट्ट धरलाय की मदारला आणा, त्याचं कलाम होऊ द्या.

मदारभाईंनी हातातली वही मिटली. त्यांनी विचारलं, कधीपासून आटायला लागली. भुजंग म्हणाला, दोन-अडीच वर्षं हळूहळू उतरायलीय, यंदा संपली.

डोळ्यांचंही तेवढंच झालं होतं.

नुजहतनं सांगून पाहिलं की त्या शिवारात नवी बोअर किती झालीत ते आधी विचारा. त्यांनी विचारलं. भुजंगनं बोटांवर मोजून सांगितलं, विहिरीच्या भोवती अकरा, चारचारशे फुटांची. हे कारण पुरेसं होतं. मदारभाईंनी मान डोलावली आणि तरी पिशवी भरली. कलाम म्हणायला नाही, असं त्यांनी सुनेला सांगितलं. ते वाक्य जिथं म्हटलं आणि जिनं ऐकलं, तिथं जाऊन तिच्यासमोर परत घ्यायचं होतं. नजर आहे तोवर.

पिंगळीहून पॅसेंजरनं मानवत रोड, तिथून ऑटो. डब्यात गर्दी नव्हती. खिडकीबाहेर कापसाची वाळकी पऱ्हाटी. मदारभाईंनी भुजंगला सगळं सांगितलं: प्रश्न, मगरूर माणूस, ते वाक्य. भुजंगनं तंबाखू मळत ऐकून घेतलं.

"एकदाच म्हनलास व्हय तू?" तो म्हणाला. "अरे, दर विहिरीवर म्हनायचास. मी बी म्हनलोय. माझे डोळे बघ, अजून सुईत दोरा ववतो."

"तुला कुनी विचारलं नव्हतं. आयत माझ्या तोंडी होती, मला विचारलं होतं."

भुजंगनं तंबाखू तोंडात टाकली आणि स्टेशन येईपर्यंत बाहेर बघत बसला.

शेतात पोचले तेव्हा तीन वाजले होते. ऊन रणरणतं. विहिरीजवळच्या कडुलिंबाखाली बायनाबाईला बाजेवर आणून बसवलं होतं. परमेश्वर बाजूला उभा. मदारभाईंनी आधी विहिरीत बघितलं नाही. बाजेसमोर मातीत बसले आणि एका दमात बोलले. मावशी, पाणी लागलं त्या दिवशी मी खालून असं असं म्हनलो होतो. ते मी माघारी घ्यायला आलोय.

बायनाबाईनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. तसं काही म्हटलेलं तिला आठवत नव्हतं.

"मला आठवतंय ते येगळंच," ती म्हणाली. "तू वर आलास अन् हितं लिंबाखाली बसून रडलास. रुमालात तोंड घालून. मी पानी दिलं तर तुला घोट उतरंना."

मदारभाईंना हे मुळीच आठवत नव्हतं. त्यांनी तो दिवस कितीदा तरी उकरला होता. ओल, धार, काठावरचं हसणं, नखांची आग. रडणं त्यात कुठंच नव्हतं. म्हातारीचं वय झालं होतं, ती दुसऱ्या कुणाला धरून बोलत असेल. त्यांनी भुजंगकडे वळून विचारलं, तू काय पाहिलंस. भुजंगनं डोकं खाजवलं. तो यारीचे दोर सोडत होता. त्याला मदारभाईंची फक्त पाठ दिसत होती.

"खांदे हालत होते तुझे," तो म्हणाला. "मला वाटलं, हसायलाय."

दोन साक्षीदार. एकानं पाणी पाहिलं, एकानं खांदे. मदारभाईंनी मनातल्या मनात तपासून बघितलं, नुजहत याला काय म्हणाली असती. भक्कम नाही म्हणाली असती, पण कच्चंही म्हणाली नसती. त्या मगरूर माणसाचं पाणी त्याच घडीला आटलं होतं. मदारभाईंच्या डोळ्यांत मात्र ते वाक्य म्हटल्यावरही पाणी होतं. निदान संध्याकाळपर्यंत होतं. छातीवरचा धोंडा थोडा सरकला. पण त्याजागी दुसरंच काही येऊन बसलं. आपल्याच डोळ्यांतून पाणी गेलं आणि आपल्याला त्याचा पत्ता नाही. मग चाळीस वर्षांत आपल्यासमोर आणखी काय काय होऊन गेलं असेल?

बायनाबाई म्हणाली, बरं, आता कलाम म्हन.

त्यांनी आधी अर्थ सांगितला. मराठीत, हळू, एकेक शब्द. तुमचं पाणी खोल निघून गेलं तर वाहतं पाणी कोण आणून देईल. हे मंतर न्हाई, मावशी. ह्यानं पाणी येत न्हाई. हे विचारलंय.

परमेश्वरनं आईकडे पाहिलं.

"इतकी वर्सं आमाला वाटायचं, तू पानी मागतोस," बायनाबाई म्हणाली.

"मलाबी तसंच वाटायचं."

तरी म्हण, असं ती म्हणाली. विचारायचं तर विचार.

मदारभाई उठले. काठाशी गेले, कठड्यावर दोन्ही तळवे टेकले आणि खाली बघितलं. बावन्न फूट. वरची बांधणी शाबूत. त्याखाली मुरुमाचा पट्टा, मग दगड. दगडावर त्यांच्याच पहारीचे ओरखडे, एकाखाली एक, कुठं तिरपे नाहीत. तळाला भेगाळलेला गाळ, चार फूट तरी. मोटारीचा पाइप हवेत लोंबत होता. खालून गार वास येत होता, ओला नव्हे. डोळे चरचरत होते. ते तळ एकटक बघत राहिले. तळ जवळ आल्यासारखा झाला, मग लांब गेला.

त्यांनी आयत म्हटली. सावकाश, शेवटच्या शब्दापर्यंत.

क्षणभर काही नाही. मग विहिरीनं ती परत दिली. सगळी नाही, शेवटचा तुकडा, जिथं ते विचारणं आहे तो. आवाज त्यांचा होता, पण तरुण वाटत होता. दगडानं खरखर खाऊन टाकली असेल.

भुजंग जवळ येऊन उभा राहिला होता. "हेच," तो म्हणाला. "असंच वर दोनदा यायचं. रोज सकाळी. मला वाटायचं, तू दोनदा म्हनतोस."

"मी एकदाच म्हनायचो."

भुजंगनं कठड्यावरचा हात काढून घेतला.

खाली असताना मदारभाईंनी तो दुसरा आवाज कधी ऐकला नव्हता. म्हटलं की लगेच पहिला घाव घालायचे. घावाच्या आवाजात तो बुडून जात असणार. एकशे सहा विहिरी. रोज सकाळी ते म्हणून मोकळे होत, आणि त्यांच्या डोक्यावरून कुणीतरी तेच पुन्हा विचारी, आणि ते टिकाव उचलत. कठडा तापलेला होता तरी तळवे गार पडले.

त्यांनी कठडा घट्ट धरला, वाकले आणि उत्तर दिलं. अल्लाह, सगळ्या जगांचा पालनकर्ता. अरबीतून, नुजहतनं घोटून घेतलं होतं तसं. आवाज मोठा लागला. मघापेक्षा मोठा.

सगळे थांबले. लिंबावरचा होला घुमायचा थांबला होता की आधीच उडून गेला होता, कुणी पाहिलं नाही. परमेश्वर तोंड उघडं ठेवून विहिरीकडे बघत होता.

खालून काही आलं नाही.

भुजंगला राहवलं नाही. तो कठड्यावर वाकला आणि हाक मारली, मदारभाई. विहिरीनं हाक जशीच्या तशी परत दिली, लांब शेपूट लावून. तो दोन पावलं मागं सरला आणि बाजेच्या पायाला अडखळला.

मदारभाईंनी पुन्हा म्हणून बघितलं नाही. आयुष्यभर त्यांनी दगड एका ठोक्यावर कधी पारखला नव्हता, दुसरा ठोका मारल्याशिवाय पुढं गेले नव्हते. आज दुसरा मारला नाही. ते तसेच वाकून उभे होते. डोळे कोरडे होते आणि उघडे होते.

"काय म्हनली इहीर?" बायनाबाईनं बाजेवरून विचारलं.

"काही न्हाई, मावशी."

परमेश्वर पुढं आला. त्याचा आवाज दबला होता. "चाचा, मग पानी येईल का न्हाई?"

"ते मला सांगता येत न्हाई," मदारभाई म्हणाले. मग त्यांनी बोटानं तळ दाखवला. "गाळ काढ. चार फूट हाय. मशीन सोडू नको, भिंत जुनी हाय, हादरा बसंल. मानसं उतरव. हातानं काढ, अन् कोपऱ्यातला सांधा मोकळा होईस्तोवर थांबू नको."

मग ते सरळ झाले. भुजंग रस्त्याकडे बघत होता. त्याला निघायची घाई झाली होती. मदारभाई लिंबाखाली बसले. पहिला माणूस विहिरीत उतरेपर्यंत इथून हलणार नाही, असं त्यांनी सांगितलं, आणि टोपली मागवून घेतली, बघायला.